तिसावी रांग, मधली खुर्ची

ती. ताईस,

हे पाकीट फाडून टाकण्याआधी तू निदान पहिलं पान तरी वाचशील, या आशेवर धाकट्या भावाने वाकून केलेला नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो हे मला ठाऊक आहे. दर रविवारी दुपारी मी आडवा झालो की तुझी भावजय गॅलरीत जाऊन तुला फोन करते आणि मला झोप लागली असं समजून चांगल्या खणखणीत आवाजात बोलते. त्यामुळे तुझ्या रक्तदाबाची गोळी बदलली, तुझ्या डोळ्याला नवा चष्मा लागला, शेजाऱ्यांनी तुझ्या भिंतीला टेकवून शिडी ठेवली आणि ती तीन महिने हलवली नाही, हे सगळं मला वेळच्या वेळी कळत आलं आहे. (मी जागा असतो हे तिला कळलेलं नाही. हे पत्र टाकण्याआधी ती वाचणार आहे, म्हणजे आता कळेल.)

इकडे आम्ही दोघं खुशाल. इकडे म्हणजे घरी नव्हे. हे पत्र चिंगीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरातून लिहितोय. चिंगी कामावर गेली आहे, ही तिच्या पांढऱ्या सदऱ्यांच्या खांद्यांवरच्या पट्ट्या काढून सदरे धुवायला टाकते आहे, आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसलोय. चार वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात कुठून करावी ते कळेना. चार कागद वाया गेले. शेवटी ठरवलं, विमानातल्या जागेपासूनच करावी, कारण बाकी सगळं त्या जागेमुळेच झालं.

दोन महिन्यांपूर्वी चिंगीचा फोन आला. म्हणाली, 'बाबा, चोवीस तारखेच्या सकाळच्या विमानावर मी आहे. तुम्ही दोघं त्याच विमानाने या, पंधरा दिवस राहा.' मी म्हटलं, 'बघू.' आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे तुला सांगायला नको. गेली दोन वर्षं ती बोलावत होती आणि मी 'नाटकांचा हंगाम आहे, रजा नाही' असं सांगत होतो. पण मागच्या वर्षी मी निवृत्त झालो आणि ते कारणही माझ्याबरोबरच निवृत्त झालं. मी 'बघू' म्हणून फोन ठेवला, तोवर हिने पलंगाखालची बॅग ओढून पुसायला घेतली होती. तीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढलेल्या बाईशी वाद घालता येत नाही. ती ऐकून घेते आणि सुई टोचते.

मग मी म्हटलं, जायचंच आहे तर नीट जाऊ, आणि जागा निवडायचं काम माझ्याकडे घेतलं. माणसाने कुठे बसावं हे मला कळत नसेल तर कुणाला कळणार? तेहेतीस वर्षं मी नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत बसलो. आठशे बारा खुर्च्या. कुठली कुरकुरते, कुठल्या खुर्चीवर पंख्याचं वारं येत नाही, कुठे पुढच्या रांगेतला माणूस उंच निघाला की नाटक गेलं, हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. खांबामागच्या दोन खुर्च्या तर मी गिऱ्हाइकाला 'खांब आहे बरं का' असं सांगितल्याशिवाय कधी विकल्या नाहीत. (सांगूनही त्या विकल्या जात. जोडप्यांना चालत.) त्यामुळे तिकीट कंपनीतल्या मुलीने विमानाचा नकाशा छापून हातात ठेवला तेव्हा मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. तो मी पुठ्ठ्यावर चिकटवला, लाल-निळी पेन्सिल काढली आणि जेवणाच्या टेबलाच्या वर टांगला. तीन आठवडे आम्ही तो बघत जेवलो.

सल्ला देणाऱ्यांची काही कमी नव्हती. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर अकरा वेळा विमानात बसलेले. ते म्हणाले, 'पंखावरची जागा घ्या, तिथे हलत नाही. शेपटाकडे मात्र जाऊ नका, तिकडे माणूस घुसळून निघतो.' माझा न्हावी म्हणाला की शेपटाकडेच बसा, कारण वर्तमानपत्रातल्या फोटोत शेपूट नेहमी शाबूत असतं. (तो एकदाही विमानात बसलेला नाही. पण वस्तरा त्याच्या हातात होता, म्हणून मी मान्य केलं.) तिकीट कंपनीतली मुलगी मात्र माझ्या चौथ्या फेरीला फारच शांतपणे म्हणाली, 'काका, पुढचे काय आणि मागचे काय, सगळे एकाच वेळी पोचतात.' त्या मुलीला मी मनात म्हटलं, बाई, तू कधी कुणाला नाटक दाखवलं नाहीस.

कारण मला पोचायचं नव्हतंच, ताई. मला बघायचं होतं. आपली पोरगी विमान चालवते हे दोन वर्षं नुसतं ऐकत होतो. फोटो बघितला होता. त्यात ती टोपी काखेत धरून उभी आहे आणि मागे विमान आहे, पण असा फोटो काय, जत्रेतल्या पडद्यापुढेसुद्धा काढता येतो. मला ती त्या खुर्चीत बसलेली, हात हलवताना दिसायला हवी होती. म्हणून मी बाकीचे सगळे विचार बाजूला ठेवले आणि नाट्यगृहाच्या हिशेबाने बघितलं. रंगमंच कुठे? अगदी पुढे, त्या छोट्या दाराच्या आत. चिंगी सहवैमानिक, म्हणजे उजवीकडे बसणार. मग डाव्या बाजूच्या पहिल्या रांगेत, वाटेकडच्या खुर्चीवरून तिरकी नजर टाकली तर ती दिसायला हवी. पट्टी लावून रेघ मारली तर रेघ बरोबर तिच्या खुर्चीतून गेली.

तरी नुसत्या रेघेवर माझा विश्वास नाही. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून बाहेरच्या खोलीत मोजून दहा फुटांवर खुर्ची टाकली आणि हिला ओट्याच्या उजव्या टोकाशी स्टुलावर बसवलं. भाजी चिरत होती, चिरू दे म्हटलं, वैमानिकाचेही हात चालूच असतात. मला तिचा डावा खांदा, कानातलं आणि अर्धा चष्मा दिसला. मी म्हटलं, 'दिसतेस.' ती म्हणाली, 'अडतीस वर्षांनी.' मी पहिल्या रांगेतल्या दोन जागा पक्क्या केल्या. खिडकी तिला, वाटेकडची मला. एवढा विचार केलेला माणूस, पण ते दार प्रवासभर बंद असतं की उघडं, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडे पडदा पडलेला ठेवून कुणी नाटक करत नाही.

चोवीस तारखेला आम्ही वेळेच्या अडीच तास आधी विमानतळावर हजर होतो. ते सगळं वर्णन करत नाही. मला पट्टा काढायला लावला, हिच्या पर्समधली कात्री काढून घेतली, आणि तपासणाऱ्या माणसाने माझा पुठ्ठ्यावरचा नकाशा उलटसुलट करून बघितला आणि हे काय म्हणून विचारलं. मी समजावून सांगू लागलो. त्याने तो अर्ध्यातच परत दिला.

विमानात शिरलो. दाराशी उभ्या असलेल्या मुलीने हसून नमस्कार केला. (अशा मुलीला हवाई सुंदरी म्हणायचं नाही, असं चिंगीने बजावलं आहे.) डावीकडे ते छोटं दार सताड उघडं होतं. मी वाकून बघितलं. डावीकडच्या खुर्चीत पिकल्या केसांचे एक गृहस्थ कागद चाळत होते आणि उजवी खुर्ची रिकामी होती. मी पुन्हा एकदा वाकून बघितलं. पण आपल्या जागेवर जाऊन बसतो न बसतो तोच ही खिडकीला नाक लावून म्हणाली, 'ती बघा, खाली.' चिंगी खाली जमिनीवर होती. पिवळं जाकीट घालून, हात मागे बांधून, विमानाच्या चाकाकडे वाकून बघत होती. आपण कलिंगड घेताना बघतो ना, तसं. मग तिने वर पंखाकडे बघितलं आणि पुढे निघून गेली. आमच्या खिडकीकडे काही बघितलं नाही. मला ते आवडलं. कामाच्या वेळी मीसुद्धा ओळखीचा माणूस रांगेत दिसला तर मान वर करत नसे.

एवढ्यात आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर एक तरुण बाई आली. तिच्या कडेवर चार महिन्यांचं बाळ, आणि पहिल्या रांगेपुढच्या भिंतीला पाळणा अडकवता येतो म्हणून तिला तीच जागा दिलेली. तिची आई मात्र चौदाव्या रांगेत होती, आणि बाळाचं दूध, दुपटी, खुळखुळा सगळं त्या आजीच्या पिशवीत. ती दाराशी उभी असलेली मुलगी माझ्याकडे आली आणि तिने विचारलं, 'सर, तुम्ही चौदाव्या रांगेत बसाल का?' आता तूच सांग. तेहेतीस वर्षं मी खिडकीतून 'साहेब, जरा एक खुर्ची सरकता का, कुटुंब एकत्र बसू दे' असं लोकांना म्हणत आलो आणि लोक सरकत आले. मी हिच्याकडे बघितलं. हिने बाळ आधीच मांडीवर घेतलं होतं. तेव्हा मी आनंदाने उठलो आणि चौदाव्या रांगेकडे गेलो. जाता जाता मागे वळून बघितलं तर ते छोटं दार बंद झालेलं होतं.

चौदावी रांग म्हणजे संकटकाळी बाहेर पडायच्या दाराची रांग. पाय पसरायला भरपूर जागा. मी म्हटलं, हेही वाईट नाही. तोच एक टापटीप तरुण कर्मचारी येऊन माझ्यापुढे वाकला आणि म्हणाला की प्रसंग आला तर हे दार तुम्हाला उघडावं लागेल, तुमची तयारी आहे ना. आता जबाबदारीचं काम म्हटलं की मी आधी सगळं विचारून घेतो. दार आत उघडतं की बाहेर, उघडायचं हे मला कोण सांगणार, सांगणारा स्वतःच घाबरलेला असला तर काय, आणि समजा मी चुकून आधीच उघडलं तर ते परत लावता येतं का. त्याने पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं फार अदबीने दिली. चौथ्याला म्हणाला, 'काका, नुसतं हो किंवा नाही म्हणा.' मी म्हटलं, 'तिकिटं तपासल्याशिवाय दार उघडायची मला सवय नाही.' यावर तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, 'मागे एक जागा आहे.'

मागे म्हणजे अगदी मागे. तिसावी रांग, शेवटची, मधली खुर्ची. माझ्या नकाशावर त्या खुर्चीवर मी लाल पेन्सिलीने दोनदा फुली मारली होती. पाठ मागे होत नाही, कारण मागे भिंत. भिंतीपलीकडे संडास, आणि त्याची रांग आपल्या खांद्यावर उभी. खिडकीच्या जागी खिडकी नाही, नुसता पत्रा. त्या पत्र्याला डोकं टेकून एक टायरचे व्यापारी झोपायच्या बेतात होते, आणि वाटेकडे एका शाळेच्या मुख्याध्यापिका मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला आत जाऊ देण्यासाठी तो सगळा गठ्ठा उचलला आणि मी बसल्यावर त्यातले सात पेपर माझ्या मांडीवर ठेवले. बहुतेक विसरून. मी ते तसेच धरून बसलो.

विमान पळायला लागलं, मग उठलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी अगदी शांत होतो.

वर गेल्यावर बऱ्याच वेळाने माझ्या डोक्यावरच्या जाळीतून खरखर झाली आणि आवाज आला. 'नमस्कार. मी आपली सहवैमानिक बोलते आहे.' ताई, मी तो आवाज सत्तावीस वर्षं ऐकतोय. दुधावरची साय नको म्हणून ओरडणारा, दार आपटून 'मी आत्याकडे जाते' म्हणणारा. तोच आवाज आता सांगत होता की आपण किती उंचीवर आहोत, खाली हवा कशी आहे, आणि पोचायला एक तास पस्तीस मिनिटं लागतील. एक शब्द घाईत नाही. मला राहवेना. मी टायरवाल्यांना कोपराने हलवलं आणि म्हटलं, 'ही माझी मुलगी.' त्यांनी डोळे उघडून मुख्याध्यापिकांकडे बघितलं. मी म्हटलं, 'त्या नव्हेत. बोलतेय ती.' त्यांनी वर जाळीकडे बघितलं आणि सरळ होऊन बसले. मुख्याध्यापिकांनी लाल पेन थांबवून विचारलं, 'मग तुम्ही इतक्या मागे कसे?' शाळेत या बाईंना मुलं घाबरत असणार.

पुढच्या दहा मिनिटांत ही बातमी संडासाच्या रांगेत पसरली आणि तिथून सगळ्या विमानात. मग काय विचारतेस. रांगेतला प्रत्येक जण माझ्याशी दोन शब्द बोलून जाऊ लागला. एकाने अभिनंदन केलं. एका आजोबांनी विचारलं, 'आपण डावीकडून चाललोय की उजवीकडून?' एका बाईंचं म्हणणं, वारा फार थंड सोडलाय, मुलीला जरा सांगा. एक जण तर पेला घेऊनच आला आणि म्हणाला, 'हा चहा बघा.' मी बघितला. खरोखर पांचट होता. मी सवयीने म्हटलं, 'तुमची तक्रार नोंदवून घेतो, पुढच्या वेळी लक्ष देऊ,' आणि तो समाधानाने गेला. पुन्हा खिडकीत बसल्यासारखं वाटलं. निवृत्तीनंतरचा तेवढा अर्धा तास फार बरा गेला बघ.

आणि मग हादरे सुरू झाले. दातांच्या डॉक्टरांचं बरोबर होतं, शेपटाकडे माणूस घुसळून निघतो. रांग पळून आपापल्या जागी बसली. मुख्याध्यापिकांनी गठ्ठा पोटाशी धरला. दिवे लुकलुकले आणि विमान एकदा असं खाली गेलं की पोट वरच राहिलं. इथवरचं पत्र मी जरा हसत लिहिलं, ताई, पण आता जे लिहितो ते नीट वाच. त्या वेळी मला देव आठवला नाही. मला तुला केलेला तो फोन आठवला. चिंगी तुझ्या गावातल्या उड्डाणशाळेत जायचं म्हणून हटून बसली, मी नाही म्हटलं, ती पिशवी उचलून तुझ्याकडे आली आणि तू तिला ठेवून घेतलंस. तेव्हा मी तुला फोनवर म्हटलं, 'तुझं स्वतःचं लेकरू असतं तर त्याला बसवलं असतंस का त्या विमानात?' तू फोन ठेवलास. मी आठ दिवस वाट बघितली की तू उलट फोन करून मला झापशील. मग आठाचे पंधरा झाले आणि पंधराची चार वर्षं.

हे सगळं डोक्यात चाललं असताना ती जाळी परत खरखरली. 'थोडे धक्के बसतील. सगळ्यांनी पट्टे लावून जागेवरच बसावं. दहा मिनिटांत आपण यातून बाहेर येऊ.' बस, एवढंच. मी घड्याळ लावून बघितलं. नऊ मिनिटांत बाहेर आलो. टायरवाले म्हणाले, 'मुलगी शब्दाची पक्की आहे.' मी म्हटलं, 'तिच्या आत्यावर गेली आहे.'

विमान उतरलं. टेकलं कधी ते मुख्याध्यापिकांनी सांगितलं तेव्हा कळलं. मग सगळे एकदम उठले आणि मुंडकी वाकडी करून उभे राहिले. शेवटची रांग म्हणजे शेवटचा नंबर. नाटक संपल्यावरसुद्धा मी सगळ्यांच्या मागून, दिवे मालवून निघायचो, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. वीस मिनिटांनी मी चालत पुढे आलो तर सगळं विमान रिकामं. पहिल्या रांगेत ही एकटी बसली होती, बाळाचा एक मोजा हातात घेऊन, तो खाली पडलेला तिला मागाहून दिसलं म्हणे. आणि ते छोटं दार उघडं होतं. दारात चिंगी उभी होती.

तिने सांगितलं की उतरल्यावर त्यांना आतली बटणं बंद करून कागद भरायचे असतात, त्यामुळे पहिले पंधरा-वीस जण निघून गेल्याशिवाय ती कधी बाहेर येऊच शकत नाही. पहिल्या रांगेतल्या लोकांना ती दिसतच नाही. माझा पुठ्ठ्यावरचा नकाशा पिशवीतच राहिला. तिने तिच्या त्या पिकल्या केसांच्या साहेबांना विचारलं आणि मला म्हणाली, 'या बाबा, आत या. तुमच्या मागे कुणी नाही, घाई नाही.' साहेब स्वतः उठून बाहेर आले आणि हिच्याशी मोज्याबद्दल बोलू लागले.

आतली जागा आपल्या जुन्या न्हाणीघराएवढी असेल. मी म्हटलं, 'बसू कुठे?' ती म्हणाली, 'माझ्या जागेवर.' मी अंग चोरून बसलो, कुठे धक्का लागून काही सुरू व्हायला नको म्हणून दोन्ही हात काखेत घातले. समोर सगळी काच. खाली एक माणूस हातात दोन काठ्या घेऊन जांभई देत होता. तिने मला एकेक बटण दाखवलं, मला काही कळलं नाही, मी 'बरं, बरं' म्हणत होतो. खूप बोलायचं ठरवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, 'इथून छान दिसतं गं.'

ती म्हणाली, 'आत्यापण हेच म्हणाली होती.'

मी विचारलं, 'आत्या कधी बसली विमानात?'

'तिने सांगितलं नाही तुम्हाला?' चिंगी म्हणाली. 'परवाना मिळाल्यावर माझ्याबरोबर बसणारी पहिली तीच. शाळेचं छोटं विमान, त्यात दोनच खुर्च्या. मीच नको म्हणत होते. ती म्हणाली, कुणीतरी बसायलाच हवं, मी बसते. वर गेल्यावर पूर्ण वेळ एका हाताने स्वतःचा गुडघा धरून बसली होती. उतरल्यावर म्हणाली, बाबाला सांगू नकोस, त्याला वाटेल मी त्याच्या बोलण्याला उत्तर दिलं.'

ताई, तू सहासष्टाव्या वर्षी, ते गुडघे घेऊन, त्या खेळण्यात चढलीस. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर घेरी येते म्हणून वरच्या खोलीत कधी गेली नाहीस तू. मी त्या खुर्चीत तसाच बसून राहिलो. चिंगीला वाटलं मला काच फार आवडली, म्हणून तिने घाई केली नाही. शेवटी खालचा काठीवाला माणूस निघून गेला तेव्हा मी उठलो.

तर असा आमचा प्रवास झाला. प्रकृतीला जप. मोठ्यांना काय सांगावं, पण शिडीवाल्या शेजाऱ्यांना जरा स्पष्ट सांग. बाकी क्षेम. चिंगीच्या वतीनेही नमस्कार. ती घरी असती तर चार ओळी तिनेच लिहिल्या असत्या आणि त्या माझ्यापेक्षा वाचनीय झाल्या असत्या.

तुझा,
धाकटा

ता. क. : वन्सं, नमस्कार. पत्र वाचलं म्हणून मध्येच माझ्या अक्षरात लिहिते. यांनी पहिल्या रांगेतून 'आनंदाने' उठल्याचं लिहिलं आहे. वीस मिनिटं उठत नव्हते. त्या बिचाऱ्या मुलीला पुठ्ठ्यावरची रेघ दाखवत बसले होते. शेवटी बाळच रडायला लागलं तेव्हा उठले. आणि मागे 'अगदी शांत' होते म्हणतात, तर ते टायरवाले सामान घेताना मला भेटले. त्यांच्या मनगटावर पाच बोटं उठली होती. म्हणाले, वहिनी, मी दोनदा सांगितलं की हात सोडलात तर मी चहा पिईन. आणि हो, हे रविवारी जागे असतात ते मला पहिल्यापासून माहीत आहे. उगाच का मी इतक्या मोठ्याने बोलते. तुमचीच भावजय.

ता. क. दुसरा, परत माझा : वरच्या मजकुराकडे लक्ष देऊ नकोस. आमची परतीची तिकिटं आठ तारखेच्या विमानाची आहेत. त्या दिवशी चिंगी त्या विमानावर नाही, दुसरंच कुणीतरी आहे. मी काही घाबरलेलो नाही. पण ते विमान तुझ्या गावावरून जातं, थांबत नाही. आगगाडी थांबते. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, चार मिनिटं. मी चौकशी केली आहे. तेव्हा विमानाची तिकिटं रद्द करून आगगाडीने यावं असं चाललं आहे. विचारायचं एवढंच होतं की, त्या चार मिनिटांत आम्ही उतरू का? दोन दिवस राहू. तू नको म्हणालीस तर खिडकीतून हात करीन आणि पुढे जाईन, त्याचं वाईट वाटून घेणार नाही. त्या फोनवर बोललो ते मात्र पत्रातून परत घेता येत नाही, ते मला तुझ्यासमोर उभं राहूनच घ्यायचं आहे. उत्तर हिच्या रविवारच्या फोनवर दे. मी आडवाच असेन.

ता. क. तिसरा : आगगाडीत कुठल्या जागा घ्याव्यात याचा मी अजिबात विचार केलेला नाही. ही म्हणते, तिने काल घेऊनसुद्धा टाकल्या. तुझ्या स्टेशनापर्यंतच्याच.